अपोफिस नेमका किती जवळ? ॲस्ट्रोक्वेरीतून पृथ्वीनिकट लघुग्रहांची माहिती काढताना

१३ एप्रिल २०२९ रोजी ९९९४२ अपोफिस हा सुमारे ३४० मीटरचा लघुग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण ३८,००० किलोमीटरवरून जाणार आहे. भूस्थिर उपग्रह केंद्रापासून ४२,००० किलोमीटरवर फिरतात. अपोफिस त्यांच्याही आतून जाईल. हे अंतर पायथनमध्ये काढायला पाच-सहा ओळी पुरतात. त्याच ओळींत एक छोटी चूक राहिली तर उत्तर ६५,००० किलोमीटर येतं, दुसरी चूक झाली तर पंधरा कोटी किलोमीटर येतं. दोन्ही वेळा कोड बिनतक्रार चालतो आणि उत्तराला भरपूर दशांश असतात. म्हणून इथे भर कोडच्या ओळींपेक्षा प्रश्न नेमका कसा विचारायचा यावर आहे. कुठला पिंड, कुठून पाहिलेला, कुठल्या कालमापनात आणि कुठल्या दिवशीच्या कक्षेवरून, या चारही गोष्टी स्वतः ठरवून द्यायच्या. त्यातली एकही मूळ सेटिंगवर सोडायची नाही.

कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना त्यांचं इंग्रजी स्पेलिंग वापरा. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी अक्षरं लहान; मात्र ट्रू, फॉल्स, टाइम आणि टेबल यांचं पहिलं अक्षर मोठं, आणि एलडी, एटीई व वेधशाळांच्या संकेतांतली सगळी अक्षरं मोठी. नावातल्या दोन शब्दांमध्ये मोकळी जागा दिसली तर तिथे अंडरस्कोर.

बसवणं

ॲस्ट्रोक्वेरी ही ॲस्ट्रोपाय या खगोलशास्त्रासाठीच्या पायथन परिवारातली लायब्ररी. ती स्वतःकडे माहिती ठेवत नाही, निरनिराळ्या खगोलीय सेवांना प्रश्न पाठवते आणि आलेलं उत्तर ॲस्ट्रोपायच्या टेबलात मांडून देते. सेवांनी उत्तराची मांडणी बदलली की लायब्ररीही बदलावी लागते, त्यामुळे जुनी आवृत्ती इथे लवकर शिळी होते. स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट उघडा आणि 'पिप इन्स्टॉल' नंतर 'डॅश डॅश प्री' हा पर्याय देऊन ॲस्ट्रोक्वेरी बसवा. 'प्री' म्हणजे प्रकाशनपूर्व आवृत्ती असली तरी घाबरायचं कारण नाही. लायब्ररीचे विकासक स्वतःच ही पद्धत सुचवतात, कारण दुरुस्त्या आधी तिथे येतात. ॲस्ट्रोपाय, नमपाय, रिक्वेस्ट्स हे सगळं सोबत येतं. काल चालणारा कोड आज 'की-एरर' देऊ लागला तर स्वतःचा कोड उसवण्याआधी लायब्ररी अद्ययावत करून पाहा.

लघुग्रहांसाठी दोन मॉड्यूल लागतात. दोन्ही जेपीएल, म्हणजे नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या सेवांशी बोलतात. 'जेपीएलहोरायझन्स' सांगतं की अमुक वेळी पिंड कुठे असेल. 'जेपीएलएसबीडीबी' सांगतं की त्याची कक्षा काय, आकार काय, वर्ग कुठला. 'या महिन्यात कोण कोण जवळून जातंय' असली यादी हवी असेल तर तिसरा रस्ता आहे, तो पुढे येईल.

होरायझन्स: एका पिंडाचा ठावठिकाणा

'ॲस्ट्रोक्वेरी डॉट जेपीएलहोरायझन्स' मधून 'होरायझन्स' हा क्लास आयात करा. त्यातला एच मोठा. त्याला चार गोष्टी द्यायच्या: 'आयडी', 'लोकेशन', 'इपॉक्स' आणि 'आयडी अंडरस्कोर टाइप'.

आयडी नेहमी अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग म्हणून द्या. अपोफिससाठी '९९९४२'. क्रमांक न मिळालेल्या पिंडांना तात्पुरतं नाव असतं, उदाहरणार्थ '२०२४ वायआर४'. त्यात वर्षानंतर एक मोकळी जागा आणि मोठी रोमन अक्षरं हवीत.

चौथी गोष्ट बरेच जण सोडून देतात आणि तिथेच फसतात. 'आयडी टाइप' दिला नाही तर होरायझन्स आधी मोठ्या पिंडांत शोधतं: ग्रह, उपग्रह, ग्रहमालांची वस्तुमान-केंद्रं, यानं. लघुग्रहांची पाळी त्यानंतर येते. तुम्ही व्हेस्टा समजून '४' दिलं तर मंगळमालेचं वस्तुमान-केंद्र मिळतं. '१०' दिलं तर हायजियाऐवजी सूर्य. '३०१' हा लघुग्रह आहे, पण होरायझन्सच्या लेखी ३०१ म्हणजे चंद्र. अपोफिसचा क्रमांक पाच आकडी असल्यामुळे इथे सहसा घोटाळा होत नाही, पण यादीवर लूप चालवताना एखादा लहान क्रमांक गुपचूप दुसऱ्याच पिंडाची माहिती घेऊन येतो. म्हणून 'आयडी टाइप' कायम 'स्मॉलबॉडी' ठेवा, आणि उत्तर आल्यावर सर्वांत आधी 'टार्गेटनेम' स्तंभ छापून पाहा. नाव संदिग्ध असेल तर 'व्हॅल्यू-एरर' येतो आणि त्याच्यासोबत जुळणाऱ्या पिंडांची यादीही येते. तो संदेश शेवटपर्यंत वाचा, योग्य आयडी बहुधा त्यातच असतो.

'इपॉक्स' डिक्शनरीच्या रूपात द्या: 'स्टार्ट', 'स्टॉप', 'स्टेप'. स्टेपमध्ये '१डी' म्हणजे एक दिवस, '१एच' एक तास, '१एम' एक मिनिट. महिन्यासाठी 'एमओ'. एकक न लावता नुसतं '१०' लिहिलं तर मधल्या काळाचे दहा समान भाग पडतात; दहा दिवसांची किंवा दहा मिनिटांची पायरी हवी असणाऱ्याला त्यातून वेगळाच तक्ता मिळतो. ज्यूलियन दिनांकांची (दिवसांच्या सलग मोजणीतल्या आकड्यांची) यादीही देता येते, मात्र ती सगळी वेब-पत्त्यात भरली जाते आणि पत्ता फार लांबला की विनंती फसते. शेकडो वेळा हव्या असतील तर डिक्शनरीच बरी, नाहीतर यादीचे छोटे तुकडे करा.

आता ६५,००० किलोमीटरचं कोडं. अपोफिसची निकटतम वेळ १३ एप्रिलला २१:४६ यूटीच्या (जागतिक वेळेच्या) सुमारास आहे. पायरी एक दिवसाची ठेवली तर तक्त्यात १३ एप्रिलची ओळ ००:०० ची असते. तेव्हा तो अजून पावणेपाच लाखांहून अधिक किलोमीटर दूर असतो. पुढची ओळ १४ एप्रिल ००:०० ची. तोवर तो जवळून जाऊन सव्वादोन तास झालेले असतात आणि अंतर पुन्हा ६५,००० किलोमीटरच्या घरात पोचलेलं असतं. या स्तंभाचं किमान मूल्य काढलं की तेच अंतर आणि चुकीची तारीख हाती येते. पृथ्वीजवळ त्याचा सापेक्ष वेग सेकंदाला ७.४ किलोमीटर आहे, म्हणजे दहा मिनिटांत साडेचार हजार किलोमीटर. त्यामुळे दोन फेऱ्यांत काम करा: आधी महिनाभराचा काळ एक तासाच्या पायरीने, मग सापडलेल्या किमान बिंदूच्या आजूबाजूचे तीन-चार तास एक मिनिटाच्या पायरीने.

तीन मेथड, तीन वेगळे आरंभबिंदू

होरायझन्सच्या वस्तूवर तीन मेथड चालतात. 'एफेमेरिडीज' आकाशातलं स्थान देते, 'एलिमेंट्स' कक्षेचे घटक देते आणि 'व्हेक्टर्स' एक्स-वाय-झेड स्थान व वेग देते. तिघींची मूळ सेटिंग मात्र एकसारखी नाही. लोकेशन न दिल्यास एफेमेरिडीज पृथ्वीच्या केंद्रातून पाहते, तर एलिमेंट्स आणि व्हेक्टर्स सूर्याच्या केंद्रातून मोजतात. व्हेक्टर्समधला 'रेंज' स्तंभ पृथ्वीपासूनचं अंतर समजून वापरला की त्या एप्रिलमध्ये अपोफिस पंधरा कोटी किलोमीटरवर दिसतो. ते त्याचं सूर्यापासूनचं अंतर असतं. पृथ्वीकेंद्रित व्हेक्टर हवे असतील तर लोकेशन '५०० ॲट ३९९' असं स्पष्ट लिहा ('ॲट' म्हणजे ईमेलमधलं चिन्ह). शिवाय व्हेक्टर्सचं मूळ प्रतल क्रांतिवृत्ताचं (पृथ्वीच्या कक्षेचं) असतं. विषुववृत्तीय अक्ष हवे असतील तर 'रेफप्लेन' ला 'अर्थ' द्या.

कालमापनही बदलतं. एफेमेरिडीजला दिलेली वेळ यूटी मानली जाते, बाकी दोघींना दिलेली टीडीबी (सूर्यमालेच्या गणितांत वापरली जाणारी एकसमान वेळ). दोन्हींत आजघडीला सुमारे ६९.२ सेकंदांचा फरक आहे. ऐकायला किरकोळ वाटतो, पण अपोफिसच्या वेगाने तेवढ्यात पाचशे किलोमीटर होतात. वेळ ॲस्ट्रोपायच्या 'टाइम' क्लासमध्ये 'स्केल' नमूद करून ठेवा आणि रूपांतर त्याच्याकडूनच करून घ्या, हाताने सेकंद मिळवू नका.

एफेमेरिडीज नुसती बोलावली तर स्तंभांचा ढीग परत येतो. 'क्वांटिटीज' मध्ये हवे तेवढेच क्रमांक द्या: १ म्हणजे विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश), ३ त्यांचा बदलाचा वेग, ४ दिगंश आणि उन्नतांश (दिशा आणि क्षितिजापासूनची उंची), ९ दृश्य प्रत (दिसणारं तेज), २० निरीक्षकापासूनचं अंतर, २३ सूर्यापासूनचा कोन, २४ कलाकोन (लघुग्रहापाशी सूर्य आणि निरीक्षक यांच्यातला कोन), ३६ स्थानातली अनिश्चितता. अंतराचा स्तंभ 'डेल्टा', एकक खगोलीय एकक, म्हणजे १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर. आकडा स्वतः गुणण्यापेक्षा स्तंभाच्या एककाकडून किलोमीटरमध्ये बदलून घ्या. विषुवांशाच्या वेगात क्रांतीचा कोसाइन आधीच गुणलेला असतो. दुर्बिणीच्या ट्रॅकिंगसाठी तो परत गुणला तर खगोलीय ध्रुवाजवळ लघुग्रह चौकटीबाहेर जातो. कलाकोन १२० अंशांच्या वर असेल तेव्हा दृश्य प्रतीवर विसंबू नका, त्या टप्प्यात तेजाचं हे गणिती प्रारूप नीट लागू पडत नाही.

एलिमेंट्स वापरून एक प्रयोग जरूर करा, शिकायला त्याच्याइतका चांगला दुसरा नाही. अपोफिससाठी १ जानेवारी ते १ जुलै २०२९, पायरी पाच दिवसांची, लोकेशन '५०० ॲट १०'. स्तंभ 'ए' म्हणजे अर्धदीर्घ अक्ष. एप्रिलपूर्वी तो ०.९२ च्या आसपास असतो आणि नंतर १.१ च्या आसपास पोचतो. पृथ्वीच्या ओढीने एका भेटीत लघुग्रहाचा वर्गच बदलतो: अर्धदीर्घ अक्ष एकाहून लहान असलेला आतेन जाऊन तो अपोलो होतो. एका दिवसाचे कक्षीय घटक घेऊन साध्या द्विपिंड (फक्त सूर्य आणि लघुग्रह धरणाऱ्या) सूत्राने वर्षानुवर्षं पुढचं स्थान काढू नये, याचं इतकं ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

निरीक्षक कुठे उभा आहे

लोकेशन '५००' म्हणजे पृथ्वीचं केंद्र. दूरच्या लघुग्रहासाठी ते चालून जातं, जवळच्यासाठी नाही. ०.०५ खगोलीय एककावरचा पिंड पृष्ठभागावरून पाहताना केंद्राच्या तुलनेत जास्तीत जास्त तीन कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकतो. चंद्राइतक्या अंतरावर हा सरकाव जवळपास एक अंश होतो, आणि २०२९ च्या अपोफिससाठी साडेनऊ अंशांहून जास्त. केंद्रावरून काढलेल्या स्थानाकडे रोखलेल्या दुर्बिणीत तेव्हा काहीच दिसणार नाही.

वेधशाळेला अधिकृत संकेत असेल तर तोच द्या. मौना केआचा ५६८, पॅन-स्टार्स १ चा एफ५१. नसेल तर डिक्शनरी: 'लॉन', 'लॅट', 'एलिव्हेशन' आणि 'बॉडी' ३९९. पूर्व रेखांश धन. उंची किलोमीटरमध्ये आहे हे विसरू नका. नकाशावर ५५० मीटर वाचून ५५० लिहिलं तर निरीक्षक अंतराळस्थानकाच्याही वर जाऊन बसतो, आणि याबद्दल कसलीही सूचना येत नाही. अशी पृष्ठभागावरच्या ठरावीक जागेची विनंती असेल तर 'स्किप डेलाइट' ट्रू ठेवता येतं, 'एअरमास लेसदॅन' ला २ देता येतं. म्हणजे रात्रीच्या आणि क्षितिजापासून पुरेशा उंचीवरच्या ओळी तेवढ्या उरतात.

उत्तर विचित्र वाटलं तर विनंतीनंतर वस्तूचा 'यूआरआय' छापा. नेमका कुठला पत्ता पाठवला गेला ते दिसतं आणि तो ब्राउझरमध्ये उघडून होरायझन्सचं कच्चं उत्तर वाचता येतं. बहुतेक गुंते तिथेच सुटतात.

एसबीडीबी: पिंडाची कुंडली

एसबीडीबी म्हणजे जेपीएलचा लहान पिंडांचा माहितीसाठा. 'जेपीएलएसबीडीबी' मधून 'एसबीडीबी' आयात करा, चारही अक्षरं मोठी. 'क्वेरी' मेथडला नाव किंवा क्रमांक द्या. 'फिज' ट्रू केलं की भौतिक माहिती आणि 'क्लोज अंडरस्कोर अप्रोच' ट्रू केलं की जवळच्या भेटी मिळतात. उत्तर टेबल नसून डिक्शनरीत डिक्शनरी असं असतं. 'स्किमॅटिक' मेथडला ते उत्तर दिलं की त्याची झाडासारखी रचना समजते. 'ऑब्जेक्ट' खाली 'निओ' (पृथ्वीनिकट आहे का), 'पीएचए' (संभाव्य धोकादायक आहे का) आणि वर्ग. 'ऑर्बिट' खाली 'एलिमेंट्स', 'मॉइड' आणि 'कंडिशन कोड'. नाव अनेकांशी जुळलं तर 'ऑब्जेक्ट' ऐवजी 'लिस्ट' येते, म्हणून लूपमध्ये आधी ती कळ आहे का ते तपासा.

'मॉइड' म्हणजे दोन कक्षांमधलं किमान अंतर. पिंड आणि पृथ्वी एकाच वेळी तिथे असतीलच असं नाही. मॉइड ०.०५ खगोलीय एककापर्यंत आणि निरपेक्ष प्रत एच (ठरावीक अंतरावर धरलेलं तेज; आकडा कमी तितका पिंड तेजस्वी) २२ किंवा त्याहून कमी असेल तर पिंड 'संभाव्य धोकादायक' गणला जातो. ही वर्गवारी आहे, धडकेचं भाकीत नव्हे.

एच वरून आकार काढताना सूत्र असं: १३२९ ला परावर्तन गुणांकाच्या वर्गमुळाने भागा, आणि १० चा उणे एच भागिले ५ इतका घात घेऊन त्याने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. एच २२ आणि गुणांक ०.१४ धरला तर १४० मीटर येतात. गुणांक ०.०५ धरला तर २३७ मीटर, ०.२५ धरला तर १०६. मोजलेला व्यास उपलब्ध नसेल तेव्हा एकच आकडा न देता पल्ला द्या.

कंडिशन कोड ० ते ९ असतो. शून्य म्हणजे कक्षा पक्की, नऊ म्हणजे फारच कच्ची. ७-८ कोडच्या पिंडाचं दहा वर्षांनंतरचं स्थान होरायझन्स तितक्याच दशांशांत देईल, पण क्वांटिटी ३६ मधली अनिश्चितता पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

यादी हवी असेल तेव्हा

ज्ञात पृथ्वीनिकट लघुग्रह ३५ हजारांच्या पुढे गेले आहेत. प्रत्येकासाठी होरायझन्सला वेगळी विनंती पाठवणं चुकीचं आहे. जवळच्या भेटींसाठी जेपीएलची सीएडी नावाची सेवा आहे. पत्ता: एसएसडी-एपीआय डॉट जेपीएल डॉट नासा डॉट जीओव्ही, तिरकी रेघ, सीएडी डॉट एपीआय. तिला रिक्वेस्ट्सच्या 'गेट' ने विचारा. 'डेट-मिन', 'डेट-मॅक्स', 'डिस्ट-मॅक्स', 'एच-मॅक्स', 'सॉर्ट' ही मापदंडांची नावं. त्यांत जोडरेघ आहे, पायथनच्या फंक्शनला ती थेट आर्ग्युमेंट म्हणून चालत नाहीत. डिक्शनरी करून 'पॅराम्स' मध्ये द्या. काहीच दिलं नाही तर आजपासून ६० दिवस आणि ०.०५ खगोलीय एकक ही मर्यादा लागू होते. चंद्र-अंतरात विचारायचं तर '१०एलडी' असं लिहा. एक एलडी म्हणजे ३,८४,४०० किलोमीटर.

उत्तरात 'फील्ड्स' मध्ये स्तंभांची नावं आणि 'डेटा' मध्ये ओळी असतात. दोन्ही ॲस्ट्रोपायच्या 'टेबल' ला द्या. सगळी मूल्यं अक्षरी येतात, ती फ्लोटमध्ये बदलल्याशिवाय क्रम लावू नका, नाहीतर '१०' हे '९' च्या आधी येतं. 'काउंट' आधी तपासा. शून्य असेल तर 'डेटा' ची कळच नसण्याची शक्यता धरून चला. 'डिस्ट' हे केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर, आणि 'सीडी' मधली वेळ टीडीबी. 'डिस्ट मिन' आणि 'डिस्ट मॅक्स' मधली तफावत मोठी असेल तर त्या ओळीचा अंतराचा आकडा अंदाजी समजा.

कक्षेच्या गुणधर्मांवरून गाळणी लावायची असेल, उदाहरणार्थ सगळे आतेन किंवा सगळे पीएचए, तर त्याच पत्त्यावरची 'एसबीडीबी अंडरस्कोर क्वेरी डॉट एपीआय' एकाच विनंतीत पूर्ण यादी देते. 'फील्ड्स' मध्ये स्तंभ, 'एसबी-ग्रुप' मध्ये 'पीएचए' किंवा 'एसबी-क्लास' मध्ये 'एटीई'. आधी यादी इथून घ्या आणि निवडक पाच-दहा पिंडांसाठीच होरायझन्सकडे जा. या सेवा एका वेळी एकच विनंती पाठवायला सांगतात. दहा थ्रेड उघडून मारा केला की ५०३ चे एरर येतात, आणि त्याच सेवेवर बसलेल्या इतरांचंही काम अडतं.

शिळं उत्तर

ॲस्ट्रोक्वेरी मिळालेलं उत्तर संगणकावर साठवून ठेवते, मूळ मुदत एक आठवडा. ताऱ्यांच्या सूचीला ते ठीक. नव्याने सापडलेल्या लघुग्रहाची कक्षा मात्र रोज सुधारते. २०२४ वायआर४ हा २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला सापडला. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची नासाने वर्तवलेली शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि त्याच महिन्यात नगण्य पातळीवर उतरली. त्या आठवड्यात ज्याचा कोड साठवलेलं उत्तर वाचत होता त्याच्याकडे जुनीच कक्षा होती. ताज्या पिंडांसाठी 'कॅश' फॉल्स ठेवा.

साठवताना टेबलाच्या 'मेटा' मध्ये विनंतीची तारीख, लोकेशन, कालमापन, आणि एसबीडीबीच्या 'ऑर्बिट' खालचे 'ऑर्बिट आयडी' व 'सोलन डेट' (स्पेलिंग एस-ओ-एल-एन, सोल्यूशनचं संक्षिप्त रूप) लिहा. फाइल साध्या सीएसव्हीऐवजी 'एएससीआयआय डॉट ईसीएसव्ही' स्वरूपात लिहा. सीएसव्हीत एककं आणि मेटा दोन्ही गळून पडतात, ईसीएसव्हीत टिकतात. सहा महिन्यांनी आकडा वेगळा आला तर चूक तुमच्या कोडची की कक्षाच सुधारली, हे त्या ऑर्बिट आयडीवरून लगेच सांगता येतं.